भिंतीवरचा चौकोन

गेल्या दिवाळीनंतर आम्ही डोंबिवलीचा फ्लॅट विकायला काढला. कारण साधं होतं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर आणि आजीचे गुडघे गेलेले. मी पुण्यात नोकरीला. तेव्हा सगळ्यांनी पुण्यात यायचं ठरलं.

हा वन बीएचके आमच्या घरी आला १९९६ साली, म्हणजे माझा जन्म झाला त्या वर्षी. आजोबांच्या गिरणीतल्या फंडाचे उरलेसुरले पैसे, बाबांचं कर्ज आणि आईच्या दोन बांगड्या एवढ्यावर तो उभा राहिला. कागदावर ४८० चौरस फूट. पाय ठेवायला किती मिळतात ते आम्ही कधी मोजलं नाही.

एजंट आला. माझ्याच वयाचा, बोलायला गोड. घरभर फिरून त्याने मोबाइलवर फोटो काढले आणि रात्री मला व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली. बाल्कनीतला जुना कूलर काढा. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या तात्पुरत्या सोडा. आजीची कॉट आतल्या खोलीत न्या, हॉल मोठा दिसेल. किचनच्या ओट्यावर गॅस सोडून काही नको. फ्रिजवरचे स्टिकर खरवडा. बाथरूममधल्या बादल्या लपवा. पांढऱ्या ट्यूबलाइटच्या जागी पिवळसर दिवे लावा.

शेवटचा मुद्दा त्याने लिहिला नव्हता. तो फोनवर सांगितला, आणि बाबांना नाही, मला. "हॉलमधले दोन फोटो तेवढे काढून ठेवा दादा. माझं काही नाही हो. पण पार्टी कोण येईल सांगता येत नाही. काही लोक फोटो बघून दारातूनच मागे फिरतात."

फोटो बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा आहे.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला राग आला नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. क्लायंटला डेमो देण्याआधी आम्हीही हेच करतो. जे बटण दाबलं की अॅप कोसळतं, ते बटण लपवतो. खऱ्या युजरच्या नावांऐवजी खोटी नावं भरतो. डेमो म्हणजे खोटं नव्हे, आवरून ठेवलेलं खरं, अशी आमची समजूत असते. एजंटही तेच सांगत होता. तरी ती यादी डोक्यातून जाईना. घर विकण्याआधी त्यातून माणसं पुसून टाकायची ही रीत आली कुठून, ते शोधत बसलो.

नेपथ्य

या कामाला आज 'होम स्टेजिंग' म्हणतात. त्याचं श्रेय बार्ब श्वार्ट्झ या अमेरिकन बाईंकडे जातं, निदान त्या स्वतः तरी तसं सांगतात. साल १९७२, जागा सिअॅटलच्या आसपास. श्वार्ट्झ इंटिरिअर डिझायनर होत्या, मग घरं विकायच्या धंद्यात आल्या. घरमालकाला 'तुमचं घर गचाळ आहे' हे सांगायचं कसं, ही त्यांची अडचण होती. नाटकाशी त्यांचा जुना संबंध होता. मग त्यांनी शब्द बदलला. घर साफ करा असं न म्हणता, आपण नेपथ्य लावू या असं म्हणायचं. प्रयोगाआधी रंगमंच लावतात तसं. लोकांना हे पटलं. आपल्या संसाराला कुणी नावं ठेवत नाहीये, फक्त पडदा उघडायची तयारी चाललीये, असं वाटायला लागलं.

पुढे याचं शास्त्रच झालं. पसारा कमी करा, भिंतींना फिके रंग द्या, भांडंभर पिवळीधमक लिंबं ओट्यावर ठेवा, पार्टी यायच्या आधी ओव्हनमध्ये काहीतरी भाजायला टाका म्हणजे वास सुटेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांच्या खुणा काढा. लग्नाचे फोटो, मुलांची बक्षिसं, देवधर्माच्या वस्तू. तर्क असा की येणाऱ्या माणसाला तिथे आपला संसार दिसायला हवा, तुमचा नव्हे.

तर्क बिनतोड वाटतो. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं. येणारा माणूस कोण, हे आधीच ठरलेलं असतं. भिंतीवर काय असलं की 'कुणाचंही घर' वाटतं आणि काय असलं की 'त्यांचं घर' वाटतं, हे कोण ठरवतं? याचं उत्तर १९७२ च्या आधीच्या गोष्टीत सापडतं.

सजवलेलं घर आणि न लिहिलेली पाटी

घर मांडून दाखवण्याची हौस जुनी आहे. लंडनमध्ये 'डेली मेल' या वर्तमानपत्राने १९०८ साली 'आयडियल होम' प्रदर्शन सुरू केलं. अमेरिकेत १९२२ पासून 'बेटर होम्स' नावाची चळवळ चालली. मेरी मेलोनी या मासिकाच्या संपादिकेने ती सुरू केली आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर तेव्हा वाणिज्यमंत्री म्हणून तिच्या पाठीशी होते. गावोगावी एखादं घर नमुना म्हणून सजवायचं आणि लोकांना फुकट दाखवायचं. स्वतःचं घर असलेला माणूस चांगला नागरिक असतो, हा त्यामागचा संदेश.

याच काळातली दुसरी नोंद बघा. १९२४ साली अमेरिकेतल्या घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेत एक कलम घातलं. ज्या वंशाच्या किंवा राष्ट्रीयतेच्या लोकांमुळे वस्तीतल्या घरांची किंमत पडेल, अशांना त्या वस्तीत आणण्याला दलालाने हातभार लावू नये, असा त्याचा अर्थ. हे कुजबुजत सांगितलेलं नव्हतं. नीतिनियम म्हणून छापलेलं होतं. कृष्णवर्णीय कुटुंबाला गोऱ्या वस्तीत घर दाखवणारा दलाल हा वाईट दलाल. मग १९३४ साली आलेल्या सरकारी गृहकर्ज हमी योजनेनेही तोच हिशेब स्वीकारला. वस्ती एकाच रंगाची असेल तर कर्ज सुरक्षित, मिसळली की धोका. माणसाच्या कातडीचा रंग घराच्या किमतीच्या सूत्रात एक आकडा म्हणून बसला.

दुसरं महायुद्ध संपलं आणि सैनिक घरी परतले. त्यांना घरं हवी होती. विल्यम लेव्हिट या बिल्डरने १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत घरांचा कारखाना काढला. मोटारी जोडतात तशी घरं जोडायची. फरक एवढाच की इथे गाडी जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकायच्या. १९५१ पर्यंत १७ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. वस्तीचं नाव लेव्हिटाउन.

१९४९ चं त्यांचं नवं मॉडेल साधारण ८०० चौरस फुटांचं होतं. किंमत ७,९९० डॉलर. वॉशिंग मशीन घरासोबतच. मार्च महिन्यात विक्री उघडली तेव्हा हजाराहून जास्त जोडपी रांगेत होती. काही जण तर कित्येक रात्री तिथेच मुक्काम ठोकून होते. सजवलेलं नमुना घर बघायचं, आवडलं तर लगेच कागदांवर सह्या.

युजीन बर्नेट हाही सैन्यातून परतलेला तरुण. त्यानेही नमुना घर पाहिलं. त्यालाही आवडलं. त्याने अर्ज मागितला. विक्रेत्याने सांगितलं की माझं काही नाही, पण मालकांनी अजून तुमच्या लोकांना घरं विकायचं ठरवलेलं नाही.

'माझं काही नाही.' हे वाक्य वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या करारात छापलेलं होतं की या घरात गौरवर्णीय सोडून कुणी राहणार नाही, घरकामाचे नोकर तेवढे चालतील. अशा अटी कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच दिला होता. विरोध झाल्यावर ती ओळ करारातून गेली, व्यवहारातून गेली नाही. नमुना घराच्या दारावर कुठलीच पाटी नव्हती. दार सगळ्यांना उघडं होतं. बघायला.

मॉस्कोतलं घर आणि मुंबईचा गिरणी कामगार

१९५९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कमध्ये प्रदर्शन भरवलं. त्यात एक पूर्ण सजवलेलं घर होतं. लाँग आयलंडच्याच एका बिल्डरच्या नकाशावरून बांधलेलं. गर्दीला आरपार जाता यावं म्हणून ते मधोमध कापून वाट काढली होती. स्पुटनिकच्या चालीवर लोकांनी त्याला 'स्प्लिटनिक' म्हटलं. २४ जुलैला त्याच्या स्वयंपाकघरापाशी उभे राहून अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी भांडी घासायच्या आणि कपडे धुवायच्या यंत्रांवरून जो वाद घातला, तो इतिहासात 'किचन डिबेट' म्हणून गाजला. निक्सन यांचं म्हणणं, हे घर १४ हजार डॉलरचं आहे आणि आमच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारालाही परवडतं.

सोव्हिएत वृत्तसंस्था तासने या घराला टोमणा मारला होता. त्याचा आशय असा की हे अमेरिकन कामगाराचं घर म्हणून दाखवणं म्हणजे ताजमहाल हे मुंबईच्या गिरणी कामगाराचं घर म्हणून दाखवण्यासारखं आहे.

मुंबईचा गिरणी कामगार. १९५९ साली माझे आजोबा नेमके तेच होते. नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत, संडास मजल्याच्या टोकाला. जगातल्या दोन महासत्ता घरावरून भांडत होत्या आणि त्या भांडणात उदाहरण म्हणून आले होते आजोबा. त्यांना याचा पत्ता नव्हता. १९८२ चा संप फिसकटल्यावर गिरणी सुटली, आणि त्यानंतर चौदा वर्षांनी आम्ही डोंबिवलीला आलो.

तासचा टोमणा बरोबर होता की चूक, हा मुद्दा वेगळा. पण त्याने एक गोष्ट नेमकी पकडली. सजवलेलं घर घराबद्दल कमी आणि त्यात राहणाऱ्या माणसाबद्दल जास्त दावा करत असतं. अमेरिका म्हणत होती, हे सगळ्यांचं घर. बर्नेट मॉस्कोत असता तर हसला असता.

एक घर, दोन भाव

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. आठवडाभरात, ११ एप्रिलला, अमेरिकेत घराच्या विक्रीत आणि भाड्यात वंश, धर्म वगैरे पाहून भेदभाव करण्याला बंदी घालणारा कायदा झाला. त्यानंतर चारच वर्षांनी श्वार्ट्झबाईंचं नेपथ्य आलं. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांना घरं चांगल्या भावात विकायची होती, आणि ते त्या करत होत्या. पण ज्या बाजारात त्या उतरल्या होत्या, तिथे माणसाच्या खुणांना आधीपासून भाव चिकटलेला होता. कायद्याने अट पुसली, सवय राहिली.

ती सवय किती किमतीची आहे, हे २०२० साली कॅलिफोर्नियात दिसलं. मरीन सिटी हे गाव दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी वसवलेलं. युद्धानंतर गोरे कामगार दुसरीकडे गेले. कृष्णवर्णीयांना दुसरीकडे घरं मिळेनात म्हणून ते तिथेच राहिले. याच गावात पॉल ऑस्टिन आणि टेनिशा टेट-ऑस्टिन या कृष्णवर्णीय जोडप्याचं घर होतं. त्यांनी ते वाढवलं, नवं केलं आणि कर्जाची फेररचना करण्यासाठी मूल्यांकन करून घेतलं. आकडा आला ९ लाख ९५ हजार डॉलर.

त्यांना तो पटला नाही. काही आठवड्यांनी त्यांनी दुसरं मूल्यांकन मागवलं. या वेळी त्यांनी भिंतीवरचे स्वतःचे फोटो आणि आफ्रिकन कलाकृती उतरवल्या. एका गोऱ्या मैत्रिणीने तिच्या कुटुंबाचे फोटो आणून लावले आणि मूल्यांकन करणाऱ्या माणसाच्या स्वागताला मालकीण म्हणून तीच उभी राहिली. आकडा आला १४ लाख ८२ हजार डॉलरच्या वर.

माझ्या धंद्यात याला ए-बी टेस्ट म्हणतात. सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि फरक मोजायचा. घर तेच, भिंती त्याच, नळ तेच. बदलले फक्त फोटो आणि दार उघडणारी बाई. फरक जवळपास पाच लाख डॉलर. मूल्यांकन करणारे वेगळे होते, त्यामुळे थोडा फरक पडेलही. पण निम्म्याने? ऑस्टिन दांपत्याने २०२१ च्या डिसेंबरमध्ये खटला भरला आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्यात तडजोड झाली.

घर विकायला काढताना सगळे सल्लागार फोटो काढा म्हणतात. गोऱ्या कुटुंबालाही म्हणतात. पण तिथे फोटो काढणं म्हणजे पसारा कमी करणं. ऑस्टिनच्या घरात फोटो काढणं म्हणजे लपणं. यादीतला मुद्दा एकच. तो कुणाच्या घरी वाचला जातो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

आपल्याकडची दारं

हे वाचून 'अमेरिका किती वाईट' म्हणून सुटका होणार नव्हती. आपल्याकडे शहरात घर मिळवण्याची गोष्टच जातीच्या आधाराने सुरू होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत हवेशीर घरांचा विचार गंभीरपणे सुरू झाला. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली, ती देशातली पहिल्या काहींपैकी. एकमेकांच्या आधाराने घर उभारणं ही चांगलीच गोष्ट होती. पण दार कुणासाठी उघडायचं, हेही त्याच आधाराने ठरत गेलं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा पोटनियम वैध ठरवला.

आणि १९१७ चं बडोदं. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांना संस्थानात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव लावून मुक्काम केला. काही दिवसांत ते उघडकीला आलं. काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. एक छप्पर मिळावं म्हणून नाव काढून ठेवलेल्या माणसाचा फोटो, आता एक छप्पर विकलं जावं म्हणून काढून ठेवायचा होता.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याचं १२ वं कलम सांगतं की बिल्डरची जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट पाहून तुम्ही पैसे भरले आणि त्यातलं काही खोटं निघालं, तर नुकसानभरपाई मिळते. चांगलं कलम आहे. घर खोटं बोललं तर घेणाऱ्याला दाद मागता येते. घराला खोटं बोलायला लावलं जातं तेव्हाचं कलम मला सापडलं नाही.

खिळे

हे सगळं मी नंतर वाचलं. त्याआधी मी एक काम करून बसलो होतो. शनिवारी बाबा भाजी आणायला गेले असताना मी दोन्ही फोटो उतरवले, चादरीत गुंडाळले आणि कपाटात ठेवले. रविवारी पार्टी येणार होती.

फोटोंच्या मागे भिंतीवर दोन चौकोन उमटले होते. बाकीची भिंत उदबत्तीच्या धुराने आणि वर्षांनी पिवळट झालेली. चौकोन मात्र रंग दिला त्या दिवशीइतके स्वच्छ. वर दोन खिळे. फोटो होते तेव्हा ते घरातल्या इतर वस्तूंसारखे होते. आता हॉलमध्ये शिरलं की त्या चौकोनांशिवाय दुसरं काही दिसेना.

बाबा आले. पिशवी ओट्यावर ठेवली. भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एजंटचं म्हणणं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे झाकायचं तर अख्खी भिंत रंगवावी लागेल."

"रंगवू ना. किती लागतात? तसाही हॉल फिका करा म्हणालाय तो."

"आणि परत कधी लावायचे?"

"घर विकलं गेलं की."

"घर विकलं गेल्यावर सामान बांधायचं असतं," बाबा म्हणाले. "आज उतरवले म्हणजे या भिंतीवर ते परत लागत नाहीत. तुझ्या आजोबांनी या घरात पहिला खिळा यांच्यासाठी ठोकला. गॅसही आला नव्हता तेव्हा. निघायच्या दिवशी मी काढीन. सगळ्यात शेवटी."

आजीने कॉटवरून एवढंच विचारलं, "काच पुसलीस का उतरवताना?" नव्हती पुसली. मी पुसली आणि फोटो परत लावले.

यादीतली बाकीची कामं आम्ही सगळी केली. कूलर गेला, दोऱ्या सुटल्या, पिवळे दिवे लागले. कॉट आत नेली तेव्हा हॉल खरंच मोठा दिसला. तो एजंट आपलं काम जाणतो.

आतापर्यंत पाच पार्ट्या येऊन गेल्या. एकाला लिफ्ट हवी होती. एका बाईंना किचनची दिशा चुकीची वाटली. एकाने भाव फार पाडून मागितला. एक जोडपं खूश दिसत होतं, उद्या फोन करतो म्हणालं आणि फोन आला नाही. पाचवे हॉलमध्ये दोन मिनिटं उभे राहिले, भिंतीकडे बघितलं, आतल्या खोल्या न बघताच निघाले. त्यांना घाई असेल. नसेलही. ऑस्टिन दांपत्याकडे दोन आकडे होते. आमच्याकडे घर एकच, आणि ते एकाच पद्धतीने दाखवायचं असं ठरलेलं. त्यामुळे तुलना करता येत नाही.

एजंटने साइटवर टाकलेल्या फोटोंत हॉलचा कोन असा निवडला होता की ती भिंत येणारच नाही. मागच्या आठवड्यात मी नवे फोटो काढून त्याला पाठवले. हॉल, पिवळा प्रकाश, रिकामा ओटा, आणि भिंतीवर दोन फोटो. त्याने आधी 'दादा बघा हं' असं पाठवलं, मग अंगठा दाखवला. फ्लॅट अजून विकायचा आहे.